चंपाचं उष्टावण

"पण माई, दूध पुरतंय तर घास हवाच कशाला?"

गिरजेनं पुन्हा तेच विचारलं.

माई चुलीपुढे बसल्या होत्या. भाताच्या पातेल्यावरचं झाकण त्यांनी काढलं, आत पाहिलं, परत ठेवलं.

टेकडीवरच्या मठात सकाळच्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. गिरजा भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर तिची लेक, चंपा. पोरीला खालचे दात आले होते, पण अजून आईच्या दुधाखेरीज तिच्या तोंडात काही गेलं नव्हतं. ओठ पांढरट दिसत होते. या वयाची मुलं आईच्या मांडीवर ठरत नाहीत. ही ठेवाल तिथं राहायची.

"आईचं दूध म्हणजे अमृत," गिरजा म्हणाली. "अमृत पिणाऱ्याला अन्न कशाला लागेल?"

"कुणी सांगितलं?"

"पोथीत आहे."

"पोथीत पुष्कळ आहे," माई म्हणाल्या.

गिरजेनं मान वर केली. असं कुणी तिला बोलत नसे. माईंच्या शिष्यांमध्ये तिच्याइतकी हुशार दुसरी नव्हती. गावात कुणाकडे मयत झाली की माणसं तिला बोलावून नेत. ती जाऊन बसायची आणि शांत आवाजात सांगायची, की भय बाहेर नसतं, भय मनात असतं. रडणारी माणसं तिच्याकडे बघून डोळे पुसायची. आपल्या शब्दाला वजन आहे हे गिरजेला ठाऊक होतं, आणि ते तिच्या चालण्यातही उतरलं होतं.

तीच गिरजा घरी सासू पेजेची वाटी घेऊन आली की दाराला कडी लावून घ्यायची. जमिनीवर तांदळाचा दाणा सांडलेला दिसला तर ती तो वेचून बाहेर टाकायची. झोपलेल्या पोरीच्या तोंडात हळूच बोट फिरवून ती बघायची... काही अडकलं तर नाही ना.

शेवटी सासूच थकली. म्हणाली, "माझं नको ऐकूस. माईंकडे जा. त्या सांगतील तसं कर."

गिरजा आली होती ती माईंचा होकार घ्यायला. घरी जाऊन सांगता यावं, माईच म्हणाल्या, दूध पुरे.

"बघ तिच्याकडे," माई म्हणाल्या.

"बघतेच आहे. रात्रंदिवस बघते."

"मग दिसत कसं नाही?"

गिरजेच्या कपाळावर आठी चढली. "तुम्हाला मूल झालं नाही, माई. तुम्हाला नाही कळायचं."

चुलीतलं लाकूड फुटलं. माईंनी ते आत सारलं.

"नसेल कळत," त्या म्हणाल्या.

गिरजेनं पोरीच्या अंगावरचा पदर सारखा केला. मग बोलली, खालच्या आवाजात.

"त्या दिवशी तुम्हीही होतात."

"होते."

तिच्या थोरल्या मुलाचं, रंगूचं, उष्टावण याच मठात झालं होतं. खिरीचं बोट चाखून तो हसला होता. संध्याकाळी उत्सवाचं भजन रंगलं आणि कुणीतरी लाडानं त्याच्या मुठीत खोबऱ्याचा तुकडा दिला. टाळांच्या गजरात कुणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं काही ऐकूही आलं नाही. तो खोकला नाही, रडला नाही. आईनं वळून पाहिलं तेव्हा ओठ निळे पडले होते.

त्यानंतर मठात प्रसादाला खोबरं कधी वाटलं गेलं नाही. त्याबद्दल माई कधी कुणाशी बोलल्या नाहीत.

भात शिजला. माईंनी थोडा ताटलीत काढला, वरून डाळीचं पाणी घातलं, तुपाचा थेंब सोडला आणि बोटांनी मळायला लागल्या. शीत न् शीत मोडेपर्यंत मळत राहिल्या. मग ताटली गिरजेपुढे सरकवली.

"तू भरव."

"मी नाही."

"मग मी?"

"नाही." गिरजेनं पोरीला छातीशी धरलं. "कुणीच नाही."

"बरं," माई म्हणाल्या. "मी नाही बळजबरी करणार. तिला नको असेल तर ऊठ आणि जा. तुझ्या सासूला मी निरोप धाडते."

हवं ते मिळालं होतं. गिरजा उठायला लागली.

आणि ठेवाल तिथं राहणारी पोर तिच्या हातातून खाली झुकली. ताटलीकडे. हात पुढे करून, तोंड उघडून. ताटली लांब राहिली तशी ती रडायला लागली. बारीक, दम नसलेलं रडणं.

गिरजा तशीच अर्धवट उभी राहिली... मग खाली बसली.

"ताठ बसव तिला," माई म्हणाल्या. "आडवी नको."

गिरजेनं बोटाच्या टोकावर भात घेतला. चंपानं ते चोखलं आणि जिभेनं भात बाहेर ढकलला. गिरजेनं हनुवटी पुसली. पुन्हा दिला. या वेळी आत गेला.

आणि चंपाला ठसका लागला.

चेहरा लाल झाला. डोळ्यांत पाणी आलं. जीभ बाहेर आली. गिरजेला समोर चंपा दिसेनाशी झाली, दुसराच चेहरा दिसायला लागला. भात ओढून काढायला तिनं बोट पोरीच्या घशाकडे नेलं.

माईंनी तिचं मनगट पकडलं.

"बोट घालू नकोस. आत जाईल."

"माई, सोडा."

"आवाज येतोय तिचा. ऐक."

"सोडा मला..."

"ऐक, गिरजे."

गिरजेनं ऐकलं. पोर खोकत होती. घोगरं, जोरात, पुन्हा पुन्हा. रंगूनं केला नव्हता तो आवाज. माईंची पकड इतकी घट्ट होती की बांगडी हाडाला रुतत होती.

एक मोठा खोकला आला आणि भाताचा गोळा हनुवटीवर पडला.

चंपानं श्वास घेतला. आईकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं, जणू दोघींनी तिची खोडी काढली होती. मग तोंड उघडलं.

गिरजेच्या डोळ्यांना धार लागली होती. तशातच तिनं बोट पुन्हा ताटलीकडे नेलं.

त्या दिवशी चंपानं जेमतेम चार-दोन बोटं खाल्ली आणि आईच्या पदराखाली शिरून दूध प्यायली. दुसऱ्या दिवशी जरा जास्त खाल्लं. गिरजा मात्र कितीतरी दिवस तिला मठातच भरवायची, माई शेजारी बसल्यावरच. घरी तिचा हात उचलत नसे. हळूहळू तोही उचलायला लागला. पोरीच्या ओठांवर रंग आला. पुढे ती मठाच्या अंगणात रांगायला लागली. तिच्या मागे धावताना गिरजेची दमछाक व्हायची.

गावात गिरजा आता निराळंच सांगू लागली होती. म्हणायची, मी नुसतं बोलत होते. भय जिंकलेलं माणूस मी पाहिलंय. पोरीचा श्वास अडल्यासारखा झाला आणि माईंनी माझा हात असा धरला, की डोंगरानं धरावा.

एकदा चंपाला भरवून झाल्यावर तिनं माईंपुढे डोकं टेकलं.

"माई, मला तेवढं शिकवा."

"काय?"

"त्या दिवशी माझा हात आवरलात, ते. तुम्हाला भीती कशी वाटली नाही?"

माई अंगणातल्या पोरीकडे बघत होत्या. त्यांनी आपलेच हात एकमेकांत घट्ट धरले होते.

"आवरायला धरला होता," त्या म्हणाल्या, "असं वाटलं तुला?"