फणसातला ण

"तिला अजून एकही अक्षर ओळखता येत नाही, सर. मग तिच्यापुढे बोटांवर अक्षरं काढून उपयोग काय?"

शाल्मलीने हे हातांच्या खुणांनी विचारलं, कारण धुरी सर जन्मापासून बहिरे होते. कुडाळजवळच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत त्यांनी उभी हयात घालवली होती. शाल्मली त्यांच्या हाताखाली अशा मुलांना शिकवायचं कसं ते शिकायला आली होती. परीक्षेत पहिली आलेली, आणि ते कुणाला विसरू न देणारी.

सर पडवीत फणस फोडत होते. समोर तीन वर्षांची गौतमी. तिलाही ऐकू येत नव्हतं.

सरांनी चिकासाठी तेल लावलेले हात पुसले. फणसाची खूण केली, मग बोटांवर एकेक अक्षर काढलं... फ, ण, स. पाटीवर शब्द लिहून दाखवला. पुन्हा खूण.

गौतमीने हात पुढे केला. बोटं भराभर हलली. फ झाला, स झाला, मधे नुसती वळवळ.

सरांनी तिला गरा दिला.

"चुकलं," शाल्मली म्हणाली. "ण खाल्ला तिने."

तिने गौतमीचा हात धरला आणि बोटं वाकवून ण करायला लावला. परत एकदा. गौतमीने हात सोडवून घेतला आणि सरांच्या पाठीआड जाऊन बसली.

शाल्मलीचा चेहरा उतरला.

सरांनी पाटी पुसली. दोन शब्द लिहिले... बदक, फणस. पाटी गौतमीपुढे धरली.

तिने जरा वेळ बघितलं. मग चिकट बोट 'फणस'वर टेकवलं आणि दुसऱ्या हाताने तीच वळवळ केली.

शाल्मली पाटीकडे बघतच राहिली.

"लहानपणी तू कुठला शब्द बोबडा बोलायचीस?" सरांनी विचारलं.

"चपलेला... पप्पल म्हणायचे."

"मग आई काय करायची?"

शाल्मलीला हसू फुटलं. "चप्पल घालायची माझ्या पायात, आणि फिरायला न्यायची."

सर पुन्हा फणसाकडे वळले.

शाल्मलीने हाताला तेल लावलं आणि त्यांच्याजवळ बसली. थोड्या वेळाने सरांच्या पाठीआडून एक हात बाहेर आला. फ, वळवळ, स.

शाल्मलीने त्यावर गरा ठेवला. गौतमी बाहेर आली आणि तिच्या मांडीला टेकून खाऊ लागली.

"पण सर... तो ण कधी येईल?"

सरांनी परातीकडे बोट दाखवलं.

"अजून अर्धा फणस आहे."