बुधलीची माया

हत्यारं बोलायची, त्या काळी एका वखारीतल्या तेलाच्या बुधलीचा काळजीने डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिची लेक म्हणजे साखळीची करवत. कापताना तिच्यातून धूर यायचा, कारण साखळीपर्यंत तेलच पोचत नव्हतं. असंच चाललं तर पोर भंगारात जाणार!

बुधली शिकलेली, सूचनापत्रक तीनदा वाचलेली. त्यातलं ‘तेल कमी पडू देऊ नये’ एवढंच तिच्या मनात भरलं होतं. पहिल्यापासून रोज करायची तशी आजही ओंडक्यावर चढून ती लेकीची टाकी भरतच राहिली, पार ओसंडेपर्यंत.

म्हातारा ब्रश हसला. “बुधलीताई, टाकी काठोकाठ आहे. तू सांडलेल्या तेलातच भुसा कालवला गेलाय आणि पोरीचं तेलाचं भोक बुजलंय!” त्याने ते कोरून मोकळं केलं. साखळी तेलाने चकाकली.

“चुकलंच माझं,” बुधली गहिवरली. “आता अगदी थेंबभरच...”

“आई,” करवत म्हणाली, “आधी ओंडक्यावरून उतर. मला तो कापायचाय.”