पाठमोरी नायिका

कोल्हापुरात दस्तगीर पेंटर सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. एकदा नायक रणधवल स्वतःच त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. सिनेमा त्याचा, पैसा त्याचा, मग तोराही त्याचाच!

"बोर्डभर माझा चेहरा पाहिजे," तो गरजला. "नायिका कोपऱ्यात काढ. आणि तिचं तोंड दिसता कामा नये!"

"जशी मर्जी, मालक," दस्तगीर म्हणाले.

सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी चौकात बोर्ड चढला आणि काय ती गर्दी उसळली! सायकली थांबल्या, टांगे थांबले. रणधवलची मोटार आली. बोर्डावर त्याची मिशीच माणूस आडवा झोपेल एवढी! तो खुशीत खाली उतरला. पण त्या मिशीकडं कुणी बघेना. सगळ्या माना कोपऱ्याकडं वळलेल्या. तिथं हिरव्या लुगड्यातली एक बाई, पाठमोरी, अर्धवट उघड्या दाराशी थबकलेली.

"कोण रं ही?"

"आन् दाराबाहेर कोण आलंय?"

एकच गलका झाला. रणधवल भडकला. "पेंटर, मी एवढा मोठा असताना लोक तिच्याकडं का बघतात? मुद्दाम केलंस तू!"

शिडीशी उभे असलेले दस्तगीर ब्रश पुसत हसले. "मी तर तुमचा हुकूम पाळला, मालक. तुमचं तोंड लोकांनी चौकात फुकट बघून घेतलं. तिचं बघायला आता तिकीट काढावं लागणार!"

चौकभर हशा पिकला. रणधवलनं समोर पाहिलं, तर थेटरच्या खिडकीशी उद्याच्या तिकिटांसाठी आजच रांग लागलेली. त्यानं घाईघाईनं दस्तगीरांचा हात धरला.

"शिडी लाव, पेंटर! माझीपण पाठच काढ!"