बिनदाराचा मठ

खारभाटच्या टेकडीवरचा पडका मठ आता पुन्हा उभा राहिलाय. भिंतींना चुना लागला, कौलं चढली, विहिरीतला गाळ निघाला. फक्त पुढच्या कमानीला दार नाही. बघायला आलेल्या कोणा बाईचं पोर तिथं रडू लागलं आणि ती त्याला उगी करू लागली, की मठाची देखभाल करणारे म्हातारे नातालबाबा म्हणतात, “रडू दे बाय. इथं पोराला गप्प करीत नाहीत.” मग ते सांगतात.

फार मागे इथं संत बेनेदिक्ताच्या पंथाचे ब्रदर राहत. दारी आलेल्याला देव समजून आत घ्यायचं, हा त्यांचा नेम. पण एका साली पटकीची साथ आली. घरंच्या घरं बसली. तेव्हा मोठ्या फादरनी हुकूम केला, आजाऱ्याला दार उघडायचं नाही. दारावर होता ब्रदर बेंतू.

भर दुपारी कात्रीन टेकडी चढून आली म्हणे. नवऱ्याला सकाळीच माती दिलेली. कडेवरचं पोर तेवढं उरलं होतं, तेही सुकत चाललेलं. औषध काय ते मठातच. तिनं दार ठोठावलं.

“कोण?”

“कात्रीन, खालच्या पाड्यातली. उघडा बाबा.”

“कोणी आजारी आहे का बरोबर?”

खरं सांगावं तर दार उघडायचं नाही. “नाही,” ती म्हणाली.

“मग रडतंय कोण?”

“शेळीचं करडू आहे.”

“करडू असं रडत नसतं, बाय.”

कात्रीननं पदराचा बोळा करून पोराच्या तोंडावर धरला. आत बेंतू कान देऊन ऐकत राहिला, बाहेर ती बोळा धरून राहिली. पोर गप्प झालं तसं तिला हायसंच वाटलं. आता उघडतील.

अडसर सरकला. तिनं पदर काढला. पोर गप्पच होतं.

ती ओरडली नाही, असं सांगतात. दोन्ही हातांनी पोर पुढं करून म्हणाली, “आता नाही रडत. घ्या आत.”

बेंतूनं त्याच दिवशी दार उतरवलं आणि त्याच्या फळ्यांची पोरासाठी लहानशी पेटी केली. उघड्या कमानीतून पटकी आत शिरली. एकेक ब्रदर गेले, बेंतूही गेला. मठ ओस पडला.

परवा दुरुस्तीत सागवानी दार आणलं होतं. गावच्या बाया पोरं घेऊन कमानीत बसल्या, सुताराला हात लावू देईनात. “कुत्री शिरतील,” इंजिनिअर म्हणाला. “शिरू देत,” नातालबाबांची सून म्हणाली.

आजही मठात बाप्तिस्म्याला नेताना आई पोराला घेऊन त्या कमानीत थांबते. रडत नसेल तर हळूच चिमटा काढते. गप्प पोर घेऊन कोणी आत जात नाही.