बेहड्यावरची वानरे आणि टिटवी

"शाळेच्या संमेलनाआधी ही गोष्ट कुणाला सांगू नकोस हं," असे बाईंनी मला बजावले होते. पण छोट्या मित्रमैत्रिणींनो, मला अगदी राहवत नाही. हळूच सांगते, ऐका.

रानाला लागून असलेल्या एका माळावर वानरांची टोळी राहत असे. टोळीचा एकच नियम होता : संकट आले की वर! बिबट्या आला, वर. रानकुत्री आली, वर. म्हणून माळावरच्या एकुलत्या एक उंच बेहड्याच्या झाडावर त्यांचा मुक्काम असे. जवळच्या खोलगट जागेत, करवंदीच्या जाळ्यांपाशी, एक टिटवी राही. ती ऊठसूट ओरडे, त्यामुळे तिचे कोणी मनावर घेत नसे.

परतीच्या पावसाचे दिवस होते. एका दुपारी आभाळ काळेभोर झाले आणि ढग गडगडू लागले. "वर चला!" टोळीचा म्हातारा म्होरक्या ओरडला. सगळी वानरे सरसर शेंड्याकडे निघाली. एक वानरी इवल्याशा पिल्लाला पोटाशी धरून चढू लागली, तोच टिटवी किंचाळली, "अगं, वर नको! वीज उंच झाडालाच आधी गाठते. खाली ये, इकडे खोलगटात!"

"हिच्या नादी लागू नकोस, पोरी," म्होरक्या हसला. "आजवर जो खाली राहिला, तो बिबट्याच्या पोटात गेला."

वानरी मधल्याच फांदीवर थबकली. खाली बिबट्या, वर वीज. पिल्लाला न्यावे तरी कुठे? इतक्यात एक वांड वानर खिदळला, "आबा, तुमचे केस बघा! साळिंदर झालात की!" खरोखरच म्होरक्याच्या अंगावरचा केस न् केस ताठ उभा राहिला होता. टोळी हसू लागली. वानरीने मात्र पिल्लाकडे पाहिले. त्याची मऊ लवसुद्धा उभी!

"पळा! वीज येतेय!" टिटवीचा आवाज चिरकला.

वानरीने थेट जमिनीवर उडी घेतली. "उतरा रे, उतरा!" तिची किंकाळी ऐकून सगळ्यांचे हसू विरले. धप्, धप्, धप्! सगळ्यात शेवटी म्होरक्यानेही उडी टाकली. सगळे खोलगटाकडे धावत सुटले. "बिलगू नका! सुटे सुटे, पाय जुळवून उकिडवे बसा!" टिटवी ओरडली, आणि कडाड्! लख्ख उजेडाने डोळे दिपले. बेहडा शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभा चिरला. त्यातून धूर निघू लागला.

पिल्लू आईच्या पोटाशी सुखरूप होते. पाऊस ओसरताच म्होरक्या उठू लागला.

"बसा आबा, आभाळ अजून गुरगुरतंय," टिटवीने दटावले.

म्होरक्या पुन्हा उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "बाई गं, बिबट्या आला तर सांगशील ना?"

"गप्प बसायला येतंय कुणाला?" टिटवी म्हणाली.

तात्पर्य : एकच नियम प्रत्येक संकटाला चालत नाही, संकट खालून आले तर वर जावे, वरून आले तर खाली. आपल्याला तर पक्के घर आहे. ढग गडगडताच घरात यावे, झाडाखाली मुळीच थांबू नये. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावरही निदान अर्धा तास बाहेर...

"हेमांगी! अगं, गोष्ट सांगत बाहेर ओट्यावर काय बसलीस? ढग वाजतायत, आत ये आधी!"