बुजवलेल्या वेशीची कहाणी

ऐक वेसाई माते, तुझी कहाणी. नगर होतं आटपाट, त्याला वेशी दोन. उगवतीच्या वेशीवर वेसाईचं देऊळ, मावळतीच्या वेशीवर पीराचा दर्गा. श्रावणातल्या गुरुवारी बायका देवीला दिवा लावीत, तसाच पीराला लावीत. कुणी कुणाच्या आड येत नसे.

पुढं काय झालं? राजाचं आसन डळमळलं, प्रजा कुरकुरूं लागली. प्रधान म्हणाला, "महाराज, लोकांना पीराची भीती घाला, म्हणजे पायाशी येतील." मग राजा चौकात उभा राहिला, म्हणाला, "देवीनं मला सांगितलं, पीराची वेस बुजवा." लोकांनी दगड आणले, भिंत घातली. राणी गुणवंतीला ठाऊक होतं, राजा देवळात गेलाच नव्हता. पण ती गप्प बसली.

मग पहिल्या गुरुवारी पुजाऱ्यानं आरतीला तोंड उघडलं. आरती आली नाही. राजाचा आवाज आला, "पीराची वेस बुजवा." दुसऱ्या गुरुवारी हळदीकुंकवात एक सवाष्ण नाव घ्यायला उठली. तिच्या तोंडून तोच आवाज, तेच बोल. बायका तबकं टाकून पळाल्या. तिसऱ्या गुरुवारी राणी लेकीला न्हाऊ घालीत होती. सहा महिन्यांची पोर, तोंडात दात नाही. ती आईकडे पाहून हसली आणि बाप्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पीराची वेस बुजवा." राणीच्या हातून तांब्या पडला.

मग राणी अनवाणी मावळतीला गेली. भिंतीशी हाजराबी बसली होती, दर्गा झाडणारी.

"हाजराबी, माझ्या लेकीचा गळा राजानं घेतला. कोणता वसा वसूं?"

"राणीबाई, राजा देवळात गेला होता?"

"नाही."

"तुम्हांला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तेवढं चौकात सांगा. तीनदा सांगा. दुसरा वसा मजपाशी नाही."

"राजा मला टाकील."

"टाकील," हाजराबी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

राणी चौकात गेली. तिथं राजा लोकांपुढं उभा होता. पहिल्यांदा म्हणाली, "देवी असं बोलली नाही." राजा हसला. दुसऱ्यांदा म्हणाली, लोकांनी कानांत बोटं घातली. तिसऱ्यांदा म्हणाली, "देवी असं बोलली नाही, आणि मला ठाऊक असून मी गप्प राहिलें." तोंच वाड्यातून रडणं ऐकूं आलं, साधं, तान्ह्या पोरीचं. राजानं बोलायला तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा कधी आलाही नाही.

मग लोकांनी भिंत पाडली. पाहतात तों दर्ग्याच्या अंगणात, लिंबाखाली, वेसाईची मूर्ती बसलेली. कपाळी कुंकू, अंगावर पीराची हिरवी चादर. लोक धावत देवळात गेले. तिथं शालू तसाच उभा होता, वर मुखवटा होता, आत कुणी नव्हतं. तीन गुरुवार त्यांनी त्यालाच ओवाळलं होतं.

माते, राणीला जशी वाचा दिलीस तशी आम्हां सगळ्याजणींना दे, आणि वेळेवर दे. साठां उत्तरांची ही कहाणी पांचांत सांगितली, ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो.