धोंडमाळची बाहेर टाकलेली फरशी

धोंडमाळच्या चर्चमध्ये शिरलात तर पायाखाली बघून चाला. इथल्याच काळ्या दगडाच्या घडीव फरशा आहेत, एकीला एक अशा बसवलेल्या की मधून सुई जायची नाही. पण प्रभूच्या मेजासमोर एक फरशी नाही. तिथे उघडी माती आहे, सारवलेली. पाहुण्यांना वाटते, गवंडी काम टाकून पळाला असेल. गवंडी पळाला नाही. ती फरशी बाहेर माळावर आहे, बाभळीखाली. ती तिथे कशी गेली हे ऐकल्याशिवाय इथून कोणी जात नाही, आम्ही जाऊ देत नाही.

फार जुनी गोष्ट. तेव्हा गावाला वेस होती आणि वेशीबाहेर दोन वस्त्या होत्या, वरवाडा आणि खालवाडा. जातींची नावे इथे घेत नाहीत. ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी विसरावीत, ज्यांना नाहीत त्यांनी शिकू नयेत. वरवाड्याचे लोक गावाची राखण करत, खालवाड्याचे दोर वळत. गावाच्या विहिरीवर दोघांनाही मज्जाव. दोघेही ओंजळ धरून उभे राहत आणि कोणी वरून पाणी ओतेल याची वाट बघत. पण वेशीबाहेरही वरचे-खालचे होतेच. वरवाड्याचा माणूस खालवाड्याच्या माणसाला पाणी पाजायचा तेव्हा तोही वरूनच ओतायचा. मार खाणाऱ्यालाही मारायला कोणीतरी लागते.

दोन्ही वस्त्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले आणि मिळून चर्च बांधले. वरवाड्याने दगड फोडला, खालवाड्याने तो ओढायला दोर दिले.

खालवाड्यात एक बाई होती. माहेरचे नाव काय होते कोण जाणे. बाप्तिस्म्यात दबोरा ठेवले आणि लोकांनी त्याचे दबुरा केले. मिशनच्या शाळेत पोरांना शिकवत, बायकांना नाही. ही शाळेच्या भिंतीला टेकून दोर वळत बसायची. आत पोरे बाराखडी घोकायची, बाहेर ही धुळीत बोटाने अक्षर काढायची आणि मास्तर आला की पायाने पुसून टाकायची. अशी शिकली म्हणे. मग सांजच्याला चुलीपुढे बसून सासूला पवित्र शास्त्र वाचून दाखवायची. सासू सोनाई डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, “त्यो तिथं काय म्हनला ते पुन्यांदा वाच.” जणू बोलणारा दारात बसला आहे आणि तिला नीट ऐकू आले नाही.

नव्या चर्चमधले पहिले प्रभुभोजन ठरले, येशूचे शरीर म्हणून एकाच भाकरीचे तुकडे आणि त्याचे रक्त म्हणून एकाच पेल्यातला द्राक्षरस घ्यायचा तो विधी. विधी चालवणारा पाळक शिमोन तरुण होता, वरवाड्याचाच. त्याचा मामा शिद्राम मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा कारभारी, शब्द त्याचा. पाळकाने भाकर मोडली, ती हातोहात सगळ्यांना गेली. मग द्राक्षरसाचा पितळी पेला निघाला. वरवाड्याच्या रांगेत तो एका ओठावरून दुसऱ्या ओठाला गेला. खालवाड्याच्या रांगेशी आला तेव्हा शिद्राम वडिलांनी तो भाच्याच्या हातून काढून घेतला आणि उंच धरला. खालवाड्याने आपापली ओंजळ पुढे केली, जन्माची सवय. सोनाईनेही केली. दबोराने मात्र हात पाठीमागे घेतले.

“ओंजळ कर, बाई,” शिद्राम वडील म्हणाले.

“सगळ्यांनी पेल्यातनं प्या, असं प्रभू म्हनला. ओंजळीचं कुठं लिवलंय ते दाखवा, लगीच करते.”

“तुला आता शास्त्र आम्हाला शिकवायचंय?”

“शिकवायचं न्हाई. प्यायचंय.”

शिद्राम वडिलांनी पेला तसाच कलता केला. खाली हात नव्हते. द्राक्षरस मेजासमोरच्या फरशीवर सांडला.

त्याच दिवशी वडील मंडळी बसली आणि दोन गोष्टी ठरल्या. दबोरा माफी मागेपर्यंत मंडळीबाहेर. आणि ज्या फरशीवर प्रभूचे रक्त सांडले तिच्यावर कोणाचा पाय पडू नये, म्हणून ती उपटून दूर ठेवावी. दूर म्हणजे कुठे? वरवाड्यात ठेवायला कोणी धजेना. शेवटी पहारी घातल्या, फरशी सुटी केली आणि उतारावरून ओढत नेऊन खालवाड्याकडच्या माळावर टाकली. ओढायला दोर खालवाड्याचाच. दबोरा बाजूला उभी राहून बघत होती. ती एवढेच म्हणाली असे सांगतात, “सावकाश न्या. कुनाला बाहेर नेताय ते तुमास्नी कळंना.”

त्याच हंगामात सोनाई अंथरुणाला खिळली. तिचे एकच मागणे होते, डोळे मिटायच्या आधी प्रभुभोजन मिळावे. पाळक शिमोन नाही म्हणाला नाही. तो झोपडीत आला, भाकर आणली, पेला आणला. आणि मामाने बजावल्याप्रमाणे ओंजळीत वरून ओतायला एक पळीही आणली. सोनाईने पडल्या पडल्या दोन्ही हात जुळवून ओंजळ केली.

दबोरा म्हणाली, “आत्या, हात सोड.”

“माझ्या मरनावर तुझी झुंज लढू नगं गं,” सोनाई म्हणाली. “उभा जलम ओंजळीत गेला. आनखी एक डाव गेली तर काय आभाळ पडतंय?”

सासूचे मागणे मोठे की आपला हट्ट, हे तिचे तिलाच कळेना. वाचलेले एवढे शास्त्र तोंडपाठ होते, पण त्या घडीला एक ओळ आठवली नाही म्हणे. ती चुलीकडे तोंड करून बसली. “तुझं तू बघ,” म्हणाली.

पळी वर आली. तेवढ्यात सोनाईने विचारले, “पाळकसाहेब, तुमची आई गेली तवा तिनं कशातनं घेतलं?”

शिमोन खोटे बोलू शकला असता. तो म्हणाला, “पेल्यातून, सोनाई.”

म्हातारीने हात सोडले आणि गोधडीत घेतले. “मंग मला बी एवढी घाई न्हाई. जावा तुमी.”

शिमोन भरला पेला घेऊन परत गेला. त्या रात्री तो जेवला नाही असे वरवाड्यात सांगतात. खालवाड्यात म्हणतात, जेवला नसेल तर बरेच झाले.

रविवार आला. चर्चची घंटा झाली तेव्हा खालवाड्यातून कोणी वर गेले नाही. दबोराने आणि तिच्या नवऱ्याने सोनाईची बाज उचलली आणि माळावर नेऊन त्या फरशीशेजारी ठेवली. मागून सगळा खालवाडा आला आणि फरशीभोवती गोल करून बसला. पेला नव्हता, पाळक नव्हता. दबोराने फरशीवर फक्त एक भाकर ठेवली, मोडली नाही. तो आपला अधिकार नाही, हे ती जाणून होती. पण वाचायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. तिने शास्त्र उघडले आणि खड्या आवाजात वाचले. येशूने वेशीबाहेर मरण सोसले. तर चला, आपणही वेशीबाहेर त्याच्याकडे जाऊ.

“पुन्यांदा वाच,” बाजेवरून सोनाई म्हणाली.

दबोराने पुन्हा वाचले. वारा चर्चकडे होता, शब्द वर पोचले.

वर पाळक शिमोनने पेला उचलला होता. “तुम्ही सर्व,” एवढे म्हणून तो थांबला. पुढे ‘यातून प्या’ म्हणायचे होते. समोर निम्मे चर्च रिकामे आणि पायाशी उघडी माती. त्याने भाकर घेतली, पेला घेतला आणि तो दाराकडे चालू लागला. दारात शिद्राम वडील आडवे झाले.

“शिमोन, पेला चर्चबाहेर जायचा नाही.”

“मामा, प्रभूला तुम्ही आधीच बाहेर काढलंत. पहार तुमच्याच हातात होती.”

तो उतार उतरून खाली आला. फरशीपाशी त्याने भाकर मोडली, मग सोनाईचे डोके हातावर घेतले आणि पेला तिच्या ओठाला लावला. सोनाई प्याली. घाई नव्हतीच तिला. दोन घोट घेतले. शिमोनने सवयीने कडा पुसायला खांद्यावरचे फडके ओढले.

“पुसू नका,” दबोरा म्हणाली.

सगळा खालवाडा त्याच्याकडे बघत होता. शिमोनने फडके खाली ठेवले आणि जिथे म्हातारीचे ओठ लागले होते तिथेच ओठ लावून तो प्याला. मग पेला दबोराकडे दिला. तिने दोन्ही हातांनी धरला आणि प्याली. एवढी भांडणारी बाई, पण त्या वेळी रडत होती, असे सांगतात.

मग उतारावर पावले वाजली. पहिली आली ती शिद्राम वडिलांची बायको, डोक्यावरचा पदर सावरत, कोणाकडे न बघता. दबोराने सरकून तिला जागा दिली. तिच्यामागे एकेक करून वरवाडा आला. शिद्राम वडील स्वतः आले की नाही, यावर दोन मते आहेत. वरवाडा म्हणतो आले, सगळ्यांत मागे बसले. खालवाडा म्हणतो दारातच उभे राहिले. पेला शेवटपर्यंत संपला नाही असेही सांगतात. हिशेबी लोक म्हणतात, लोकांनी नुसते ओठ टेकवले असतील. म्हणू द्यावे. त्या दिवशी त्या गोलात प्रभू बसला होता, याबद्दल मात्र दोन्ही वाड्यांचे एकमत आहे, आणि धोंडमाळात एकमत होण्यासारख्या गोष्टी फार नाहीत.

सोनाई त्याच आठवड्यात गेली. पुढे मिशनचे मोठे साहेब आले, फरशी परत बसवा म्हणाले. मंडळीने मान डोलावली आणि बसवली नाही. नंतर कोणी सिमेंट देऊ केले, कोणी गुळगुळीत पांढरी लादी. तेही परत गेले.

आजही धोंडमाळात प्रार्थना चर्चमध्ये होते, लग्ने चर्चमध्ये लागतात, पण प्रभुभोजन बाहेर माळावर होते, उन्हात सुद्धा. खुर्च्या नेत नाहीत. पाळक असो की मोठा साहेब, तो सगळ्यांच्या शेवटी पितो. आणि तुमच्यासारखा परगावचा कोणी प्रभूला मानणारा आला असेल, तर आधी बाजूच्या माणसाने प्यायचे आणि पेला न पुसता त्याच्या हाती द्यायचा. जात विचारायची नाही, गाव विचारायचे नाही. घेतला तर तो आमचा. हात आखडला तर त्याने चर्च बघावे, फोटो काढावेत, सावलीत बसावे. तिथे कोणी कोणाला अडवत नाही. आम्ही माळावर असतो.